राऊंडमागे किती सेंट

गोळ्यांच्या खोक्यावर चिकटवलेली किंमत वाचून खरं तर काहीच कळत नाही. एका खोक्यात ५० असतात, दुसऱ्यात १००, कुठे ३२५, कुठे ५५५, आणि रेमिंग्टनचा एक मोठा प्लास्टिकचा डबा यायचा त्यात तर १४००, त्यामुळे दुकानात शेल्फसमोर उभं राहून नुसत्या नजरेनं स्वस्त-महाग ठरवायला गेलं की हमखास फसगत होते. म्हणून इथे अमेरिकेत हौसेखातर नेमबाजी करणारे सगळे एकच आकडा धरून बोलतात, राऊंडमागे, म्हणजे एका गोळीमागे, किती सेंट. रेंजवर शेजारच्या लेनमधले आजोबा हेच विचारतात, दुकानातला पोरगा हेच सांगतो, आणि भाव एकत्र करून दाखवणारे सर्च पण यादी याच आकड्यावर लावतात.

मी ह्यूस्टनच्या बाजूला राहते, शनिवारी सकाळी रेंजवर जाते, बहुतेक वेळा पॉइंट टू-टू रायफल आणि अधूनमधून ९ एमएम पिस्तुल. शिकार करत नाही, स्पर्धेतही फारशी उतरत नाही, कागदावर नेम धरून गोळी मारायची आणि मग त्या कागदाकडे नीट बघायचं, एवढीच हौस. पण ही हौस चालू ठेवायची तर गोळ्या लागतात आणि गोळ्यांना पैसे लागतात, आणि गेली बरीच वर्षं हे भाव बघता बघता माझं एक मत पक्कं झालंय की सगळ्यात कमी सेंटवाली गोळी ती स्वस्त गोळी असं नसतं. जी घेतल्यावर मला घाई न करता, हात न आखडता सराव करता येतो आणि कागदावरचं भोक माझ्याबद्दल खरं बोलतं, ती स्वस्त. कसं, ते सांगते.

त्याआधी एक गोष्ट, कारण आपल्यातले बरेच जण इथे व्हिसावर असतात. फेडरल कायद्याप्रमाणे एच-वन-बी सारख्या व्हिसावर असलेल्या माणसाला बंदूकच काय, गोळ्यासुद्धा बाळगता येत नाहीत. त्याला काही अपवाद आहेत, त्यातला नेहमी लागणारा म्हणजे चालू हंटिंग लायसन्स असणं. ग्रीन कार्डवाल्यांना ही आडकाठी नाही. मित्र म्हणतो चल रेंजवर, गंमत म्हणून दोन बॉक्स घेऊन टाक, पण व्हिसावर असाल तर आधी स्वतः नियम वाचा, गरज वाटली तर वकिलाला विचारा, स्वस्त डील मागाहून बघू. वयाची अट पण आहे, लायसन्सवाल्या दुकानातून रायफलच्या गोळ्या १८ ला मिळतात, हँडगनच्या २१ ला.

आता हिशोब. समजा ऑनलाइन ९ एमएमची १००० राऊंडची केस, म्हणजे मोठं खोकं, २१० डॉलरला दिसली. २१ सेंट, वा. जवळच्या दुकानात ५० चा बॉक्स ११ डॉलर ९९ सेंटला आहे, म्हणजे जवळजवळ २४. तीन सेंटांचा फरक, हजारामागे ३० डॉलर, कोणीही म्हणेल ऑनलाइन घे. पण थांबा. १००० गोळ्यांचं वजन साधारण १२ किलो भरतं, ते खोकं दारापर्यंत यायचं तर शिपिंग धरा २५ डॉलर, झाले २३५. त्यावर आमच्याकडे सव्वाआठ टक्के सेल्स टॅक्स, आणि टेक्सासमध्ये तो शिपिंगच्या रकमेवर पण लागतो. एकूण २५४ डॉलरच्या वर, म्हणजे राऊंडमागे साधारण साडेपंचवीस सेंट. दुकानातला बॉक्स टॅक्स धरून पडतो २६ सेंटला. तीन सेंटांचा फरक होता तो अर्ध्या सेंटावर आला, आणि दुकानात मी एकच बॉक्स घेऊ शकते, लॉट नंबर, म्हणजे गोळ्या कारखान्याच्या कुठल्या खेपेतल्या ते, वाचू शकते, खोकं उघडून बघू शकते. पूर्वी दुसऱ्या राज्यातला दुकानदार टॅक्स लावायचाच नाही, तेव्हा ऑनलाइनचा खरंच फायदा व्हायचा. २०१८ च्या जूनमध्ये सुप्रीम कोर्टानं वेफेअर या ऑनलाइन कंपनीच्या खटल्यात निकाल दिला आणि राज्यांना तो टॅक्स वसूल करायची वाट मोकळी झाली, तेव्हापासून ती मजा बरीचशी संपली. मात्र फ्री शिपिंगची ऑफर असेल तर गणित परत उलटं होतं, म्हणून मी यादीतला पहिला आकडा बघतच नाही, कार्टमध्ये टाकून, पिन कोड घालून, शेवटच्या पानावरची एकूण रक्कम घेते आणि तिला भागते.

रिबेटचं म्हणाल तर, कंपन्या काढतात ऑफर, अमुक इतके बॉक्स घ्या, पावती पाठवा, बॉक्समागे इतके डॉलर परत. मिळतात, नाही असं नाही. पण ते पैसे पदरात पडेपर्यंत मी ते भावात धरत नाही.

कॅलिफोर्नियातल्या माझ्या एका मैत्रिणीला तर यातलं निम्मं लागूच होत नाही. तिथे १ जुलै २०१९ पासून गोळ्या घेताना दर वेळी बॅकग्राउंड चेक, ऑनलाइन घेतल्या तरी घरी येत नाहीत, लायसन्सवाल्या दुकानात येतात आणि दुकानदार त्याची वेगळी फी लावतो, आणि जुलै २०२४ पासून राज्याचा ११ टक्के वेगळा कर. ती मला म्हणते तुझे आकडे मला सांगू नकोस.

तो ११ टक्के आकडा वाचून मला दुसराच एक कर आठवतो. फेडरल सरकार गोळ्यांवर ११ टक्के एक्साइज घेतं, १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्यानुसार, कंपनी किंवा इम्पोर्टर तो भरतो म्हणून आपल्या बिलावर वेगळा दिसत नाही, पण किमतीत असतो. आणि ते पैसे राज्यांकडे जातात, वन्यजीवांसाठी, त्यांच्या जंगलांसाठी, पाणथळ जागांसाठी, आणि काही भाग नेमबाजांच्या ट्रेनिंगला आणि सार्वजनिक रेंजेस बांधायला. हे कळल्यापासून मला ते पैसे जड वाटत नाहीत. मी हरणाला कधी गोळी मारणार नाही, पण माझ्या कागदावरच्या भोकांमधून कुठेतरी एखाद्या तळ्याला थोडे पैसे जातात, हे मला खूप छान वाटतं.

भावाच्या यादीत जे दिसत नाही ते आता. सगळ्यात वरच्या, म्हणजे सगळ्यात स्वस्त ओळीत बरेचदा स्टील केसवाल्या गोळ्या असतात. केस म्हणजे पावडर भरलेली मागची नळी, ती पितळेऐवजी लोखंडी, आणि बुलेटच्या वरच्या आवरणात पण बरेचदा लोखंड. बऱ्याच इनडोअर रेंजवर दारातच लोहचुंबक लावून बघतात, चिकटली की आत नाही. ठिणग्या उडतात, मागे गोळ्या अडवणाऱ्या बॅकस्टॉपची झीज होते, आणि जमिनीवर पडलेलं पितळ रेंजवाले गोळा करून विकतात त्यात लोखंड मिसळलं की त्यांना निवडत बसावं लागतं. तेव्हा तुमच्या रेंजवर जी चालत नाही ती गोळी दहा सेंटाला मिळाली तरी काय उपयोग. त्याच यादीत रीमॅन्युफॅक्चर्ड म्हणून पण असतात, कोणीतरी वापरलेल्या केसेस परत भरलेल्या. भरणारा चांगला असेल तर त्या चांगल्या असतात, पण तो कोण हे मला ठाऊक नसतं, आणि दोन-तीन सेंटांसाठी मी माझ्या तोंडासमोर फुटणाऱ्या गोष्टीत ती जोखीम घेत नाही. यावर माझं रेंजवरच्या बऱ्याच लोकांशी जमत नाही, ते वर्षानुवर्षं वापरतायत, त्यांचं त्यांना लखलाभ.

आणि पॉइंट टू-टू. हा माझा जीव की प्राण. यात भावाची गोष्ट सगळ्यात वेगळी आहे, कारण ही रिमफायर, म्हणजे पेटणारा मसाला केसच्या बुडाच्या कडेत भरलेला असतो, एकदा पिन आपटून ती कड चेपली की केस संपली, घरी परत भरायचा प्रश्नच नाही. म्हणून इथे सगळे तयार गोळ्याच घेतात आणि मोठ्या खोक्यांवर तुटून पडतात. मोठ्या बल्क पॅकमधल्या सहा-सात सेंटाच्या असतात, सीसीआय कंपनीची स्टँडर्ड व्हेलॉसिटी, म्हणजे जरा कमी वेगाची, नऊच्या आसपास, आणि मॅचवाल्या, म्हणजे स्पर्धेसाठीच्या, एली, लापुआ घ्यायला गेलात तर तीस-चाळीस सेंट राऊंडमागे सहज.

आता सहा आणि नऊ यात फक्त तीन सेंट, पण कागदावर काय होतं बघा. बल्कमधली गोळी बहुतेक आवाजाच्या वेगापेक्षा जास्त वेगानं निघते आणि पन्नास-शंभर यार्डांत कुठेतरी तो वेग आवाजाच्या खाली येतो, त्या टप्प्यात ती डगमगू शकते. स्टँडर्ड व्हेलॉसिटी आधीच खाली असते, सेकंदाला १०७० फूट, आवाज आहे साधारण ११२५, त्यामुळे तो टप्पाच येत नाही. शिवाय बल्कमध्ये एका गोळीत पावडर थोडी जास्त, एकीत कमी, मसाला कडेत सगळीकडे सारखा पसरलेला नाही, असं होतं. मग पाच गोळ्यांचा ग्रुप मारला, चार एका नाण्याखाली झाकल्या जातील इतक्या जवळ आणि पाचवी दोन इंच बाजूला. ती पाचवी कोणाची? माझं बोट ट्रिगरवर झटकलं का, श्वास सुटला का, की गोळीच तशी होती? बल्कवाली असेल तर याचं उत्तर मिळतच नाही. आणि ज्या सरावात चूक माझी की गोळीची हेच कळत नाही त्यात मी शिकणार काय? उभे केलेले डबे पाडायचे, नवख्या माणसाला भीती घालवायला शिकवायचं, तिथे बल्कच बरी, त्यात वाद नाही. शिकायचं असेल तेव्हा मात्र नऊ सेंटाची.

आणि हो, कुठली हे रायफलला विचारायचं. हे मी कोणालाही सांगते, पहिल्यांदा मोठं खोकं घेऊच नका. चार-पाच ब्रँडचे ५०-५० चे बॉक्स घ्या, पन्नास यार्डावर टेकू देऊन प्रत्येकाचे पाच-पाच गोळ्यांचे ग्रुप मारा, ब्रँड बदलला की पहिल्या काही गोळ्या हिशोबात धरू नका, बॅरलला पण सवय लागते. कागदावर नाव, तारीख, हवा लिहून ठेवा. एकाच कारखान्यातल्या दोन रायफली, एकीला सीसीआय आवडेल, दुसरीला मेक्सिकोची अगुइला. आवडली की त्याच लॉट नंबरचं शक्य तेवढं घ्या. भाव बघायला बसायचं ते यानंतर.

हे लॉटचं वेड काही फक्त श्रीमंत देशातलं नाही. कोल्हापूरला माझी भाची १० मीटर एअर रायफल करते, तिच्याकडे ५०० पेलेटचे छोटे पत्र्याचे डबे असतात आणि त्यावर हेड साइज छापलेली असते, ४.४९, ४.५०, मिलिमीटरच्या शंभराव्या भागात! ती मला व्हिडिओ कॉलवर विचारते मावशी तुझ्याकडे डबा कितीला, मी सांगते, मग ती रुपयात करते आणि दोघी गप्प बसतो, कारण तिथे इम्पोर्टेड माल, तो कधी येईल यावर सगळं, आणि भावाची तुलना करायला समोर चार दुकानं नाहीत. त्याच जिल्ह्यातल्या, राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेनं १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये ब्राँझ घेतलं, ४५१.४ गुण. आम्ही इथे पहाटे उठून बघत होतो. तो जी गोळी मारतो ती याच मापाची, पॉइंट टू-टू लाँग रायफल, जी इथे सुपरमार्केटमधल्या शेल्फवर असते. तेजस्विनी सावंत, राही सरनोबत, सगळ्या त्याच मातीतल्या. या मुलामुलींनी मोजून मिळालेल्या गोळ्यांवर जे केलंय ते आठवलं की मी इथे राऊंड वाया घालवत नाही.

आपल्याकडच्या कितीतरी लोकांनी पहिली गोळी एनसीसीत मारलेली असते, मी पण. पॉइंट टू-टू डीलक्स रायफल, हातात पाच राऊंड मोजून ठेवलेले, मारून झाल्यावर रिकाम्या केसेस मोजून परत. एक केस गवतात गेली तर सगळी तुकडी गुडघ्यावर बसून शोधायची. त्या पाचातली प्रत्येक गोळी मारायच्या आधी जेवढा विचार व्हायचा तेवढा इथे ५०० ची ब्रिक फोडून ठेवली की होत नाही, म्हणून मी अजूनही टेबलावर पाचच काढते, बाकीचं खोकं बॅगेत.

आता भाव वर-खाली का होतात. तांबं, जस्त, शिसं महागलं की गोळी महागते, हे आहेच. पण माझ्या डोळ्यांसमोर जे मोठे उड्डाण झालेत ते सगळे भीतीचे. डिसेंबर २०१२ मध्ये कनेक्टिकटला सँडी हुकच्या शाळेत गोळीबाराची ती भयंकर घटना झाली, लहान लहान मुलं गेली, आणि त्यानंतर आता कायदे येणार, गोळ्या मिळणार नाहीत या भीतीनं लोकांनी दुकानं रिकामी केली. २०१३ मध्ये पॉइंट टू-टू, जी कधीकाळी पाच सेंटाची, ती शेल्फवरून गायबच झाली. वॉलमार्टमध्ये माणशी तीन बॉक्स असा नियम होता, ट्रक यायच्या दिवशी सकाळी म्हातारे लोक काउंटरसमोर उभे, आणि त्यातलेच काही जण दुपारी तिप्पट भावानं विकायचे. मी तेव्हा नुकती शिकत होते, आणि ही टंचाई कितीतरी लांबली. कारखाने पूर्ण जोरात चालू होते, गोळ्या बनत होत्या, फक्त दुकानातून लोकांच्या कपाटात जाऊन बसत होत्या.

मग २०२०. कोविड, दंगली, निवडणूक, सगळं एकदम. त्या एका वर्षात एफबीआयकडे बंदुकीसाठीचे बॅकग्राउंड चेक जवळजवळ ४ कोटी झाले, जुलैत रेमिंग्टन कंपनी दिवाळखोरीत गेली त्यामुळे एक मोठा कारखाना मंदावला, तो आर्कान्सातल्या लोनोकचा, पुढे व्हिस्टा कंपनीनं घेतला. ९ एमएम २०१९ मध्ये १७-१८ सेंटाला होती, २०२१ च्या सुरुवातीला सत्तर सेंट, काही ठिकाणी डॉलर. मग ऑगस्ट २०२१ मध्ये रशियातले विरोधी नेते नवाल्नी यांच्यावरच्या विषप्रयोगाच्या प्रकरणी अमेरिकेनं रशियावर निर्बंध टाकले, रशियन गोळ्यांची नवी इम्पोर्ट परमिटं बंद, आणि टुलअ‍ॅमो, वुल्फ, बर्नौल या रशियन गोळ्यांचा जो यादीतला सगळ्यात स्वस्त थर होता तो हळूहळू विरून गेला. मग युक्रेनचं युद्ध, पावडर सैन्याकडे, २०२४ च्या सुरुवातीला इथल्या कंपन्यांनी परत भाव वाढवले. तरी २०२३-२४ मध्ये ९ एमएम बावीस-पंचवीस सेंटात फिरत होती, म्हणजे उतरली, पण २०१९ काही परत आलं नाही.

या सगळ्यात ज्यांना त्रास झाला नाही ते लोक मी जवळून बघितलेत. ते साठेबाज नव्हते. आपल्याकडे आया-आज्या उन्हाळ्यात गहू-डाळ भाव बघून भरायच्या, वर्षाला किती लागतं हे ठाऊक असायचं तेवढंच, आणि मग पावसात भाव चढले तरी घरात चिंता नसायची, तशी यांची बेगमी असते. वर्षाला किती गोळ्या मारतो हे माहीत असतं, वर्षभराचा साठा घरात असतो, आणि वापरलं तेवढं दर महिन्याला परत भरतात. भाव भडकला की ते घेतच नाहीत, आहे त्यात भागवतात. मी पण तेच करते. टीव्हीवर काही वाईट घडलं की त्या आठवड्यात तर मी भाव बघतसुद्धा नाही, त्या वेळी गोळ्यांचा विचार करणं मला सहनच होत नाही, आणि तेव्हा घेतलेला प्रत्येक बॉक्स भीतीला पैसे देऊन घेतलेला असतो. माझा अनुभव असा की उन्हाळ्यात, शिकारीचा सीझन सुरू व्हायच्या आधी, भाव जरा नरम असतात. तेव्हा मी घेते.

खोकी कुठून येतात हे वाचायची पण मला सवय लागलीय. सेलियर अँड बेलो चेक, १८२५ पासूनची कंपनी. पीएमसी कोरियाच्या पूंगसानची. मॅगटेक ब्राझीलची. आणि फेडरल, सीसीआय, रेमिंग्टन ही अगदी अमेरिकन नावं, नोव्हेंबर २०२४ पासून चेकोस्लोवाक ग्रुपच्या मालकीची आहेत, इटलीची फियोकी पण त्यांचीच. म्हणजे शेल्फवर दहा रंगांची खोकी दिसतात पण मालक मोजके, त्यामुळे एकाचा भाव वाढला की शेजारची पण वाढतात यात नवल नाही. एका गन शोमध्ये तर जुन्या .३०३ रायफलच्या गोळ्यांचा ढीग होता, बुडावर के एफ अशी अक्षरं, किर्की फॅक्टरी, म्हणजे आपल्या खडकीची १८६९ ची अम्युनिशन फॅक्टरी! इतक्या लांब, टेक्सासमधल्या टेबलावर. विकणाऱ्याला मी सांगितलं की हे माझ्या माहेरापासून पाच मैलांवर बनलंय, तो इतका खूश झाला की भाव कमी करायला लागला. स्वस्त होत्या, पण त्या काळातल्या मसाल्यानं बॅरल गंजते, मारल्या की लगेच धुवावी लागते, आणि माझ्याकडे त्या मापाची रायफल पण नाही. घेतल्या नाहीत, बराच वेळ हातात धरून उभी होते.

साठवणीचं थोडक्यात. टेक्सासच्या गॅरेजमध्ये किंवा माळ्यावर ठेवू नका, तिथली उष्णता आणि दमट हवा गोळ्यांना वाईट. घरात थंड, कोरड्या जागी, रबर असलेल्या घट्ट पत्र्याच्या डब्यात, कुलूप लावून, मुलांच्या हाताबाहेर. इनडोअर रेंजवरून आलं की आधी हात-तोंड साबणानं धुवा, शिसं असतं, मग खाणंपिणं.

आणि भारतात जाणाऱ्या प्रत्येकाला कळकळीनं सांगते, रेंजची बॅग वेगळी ठेवा आणि ती कधीही, कधीही प्रवासाला नेऊ नका. जॅकेटच्या खिशात, लॅपटॉप बॅगच्या अस्तरात एक गोळी राहिली तरी मुंबईच्या एअरपोर्टवर ते जिवंत काडतूस आहे, आर्म्स अ‍ॅक्टखाली पोलीस केस होते, आणि विसरून राहिलं हे सिद्ध करता करता सुट्टी काय, नोकरीपर्यंत प्रश्न येतो. मी रेंजवर घालायचं जॅकेट पण वेगळंच ठेवलंय.

सध्या माझा आकडा असा आहे: ९ एमएम, ब्रास केस, बुलेटचं वजन ११५ ग्रेन, टॅक्स-शिपिंग सगळं धरून पंचवीस सेंटाच्या आत आली तर एक केस. पॉइंट टू-टू स्टँडर्ड व्हेलॉसिटी नऊच्या आत, आणि माझ्या रायफलला आवडलेला लॉट असेल तर दोन ब्रिक, दहा सेंट पडले तरी चालतील. तुमच्याकडे ह्यूस्टनच्या आसपास कुठल्या दुकानात जुना लॉट शेल्फवर दिसला तर कळवा, मी शनिवारी जाऊन बघून येईन.